बाहेरची पाचर

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजाराला वळसा घालून
रस्ता बंदराकडे उतरतो, तिथं माझी टपरी.
चेहरे माझ्या पटकन लक्षात राहत नाहीत.
टाच दाखवा, नाव सांगतो.

वैजयंती तांडेलची डावी चप्पल
बाहेरच्या कडेनं झिजायची,
इतकी, की अंगठ्याकडचं रबर कोरं
आणि करंगळीखालून रस्ता दिसायचा.
गुडघा धनुकलीसारखा बाहेर,
डोक्यावर बांगड्याची पाटी,
सगळा भार त्या एका कडेवर.

मी तिथं पाचर बसवली.
टायरच्या रबराची, एका अंगानं दोन सूत,
दुसऱ्या अंगाला कागदाइतकी.
दर पावसाळ्यानंतर नवी.
एकोणीस वर्षं.
ती म्हणायची, "आता पाय थाऱ्यार इलो."
मी काही बोलायचो नाही.
गुडघा थोडाच नीट केला होता मी,
तिच्या सोयीनं जमीन तेवढी तिरकी केली होती.

यंदा शिमग्यानंतर ती बांबोळीला गेली.
नडगीचं हाड गुडघ्याखाली कापलं,
पण पार नाही; पलीकडची कड बिजागरीसारखी ठेवली,
आणि दार किलकिलं करावं तसं
आतल्या बाजूनं हाड उघडलं.
फटीत पाचर. वर पट्टी, सहा स्क्रू.
तिनं मोबाइलवर फोटो दाखवला.
मी बराच वेळ हातातच धरून बसलो.
आमचाच धंदा.
फक्त आतून.

गणपतीच्या आधी आली, काठीशिवाय.
पाय ओळंब्याला लागलेला,
तोंड मात्र सोलं चावल्यासारखं.
"गुडघो सरळ झालो रे,
पण घोटो आतून ठणकता.
पावलाक कोणी सांगूकच नाय."

चप्पल उलटी केली.
दोन महिन्यांचीच झीज, पण आतल्या कडेनं.
माझीच पाचर!
गुडघा जागेवर आला होता
आणि बाहेरून मी अजून
टाचेला आत लोटत होतो.

बादलीत पाय बुडवायला लावला,
जांभ्याच्या पायरीवर उभी केली.
जांभा पाणी पितो, ठसा बघता बघता जातो,
म्हणून पटकन खडूनं कड ओढली.
कमान बसलेली. टाच कललेली.
इतकी वर्षं वाकड्या गुडघ्याशी जुळवून घेतलं पावलानं.
आता तो वाकडेपणा गेला,
जुळवून घेणं राहिलं.

डॉक्टर म्हणालेत, वळेल हळूहळू,
नाही वळलं तर बघू.
टाचा उचलायचा व्यायाम दिलाय, दिवसातून वीसदा.
तिखल्याला उकळी येईपर्यंत
ती ओट्याला धरून करते,
नवरा हसतो म्हणाली.

मी सांडशीनं पाचर उपटली.
सहज नाही आली, शिवलेलीही होती.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
तिच्या चपलेला काही लावलं नाही, काढलं.
त्याचे किती मागायचे, कळेना.
दहा रुपये म्हणालो. तिनं वीस ठेवले.

उजवी उचलली, तर म्हणाली, "ती ऱ्हवांदे."
उजव्या गुडघ्याची पाळी पुढल्या वर्षी,
पैसे जमले तर,
बांगडा लागला तर.

तेव्हा उजवीला पाचर, डावीला नाही.
फळीवर ठेवली तर एक टेकते, एक कलते,
कोणी म्हणेल, कारागीर प्यायला होता.
ती घालून उतारानं निघाली.
मी टाचांकडे बघत राहिलो,
गिऱ्हाईक दोनदा ओरडलं तेव्हा कळलं.

पायरीवर खडूची कड अजून आहे,
आत दगड कोरडा.
महिन्यानं परत उभी करीन तिला तिथंच.
पोरीकडून निळा खडू
मागून ठेवलाय.